ताईचे पक्के दात

ताईने बिस्कीट चहात बुडवलं आणि ते मऊ होऊन तुटेपर्यंत तसंच धरून ठेवलं. मग कपाच्या तळाशी गेलेला लगदा चमच्याने काढून खाल्ला.

वहिनीने ते पाहिलं. या घरात माणसाच्या डोळ्यांकडे मागाहून बघतात, आधी तोंडाकडे. नवी सून म्हणून आली तेव्हा वहिनीला याचा फार संकोच वाटायचा. "सासरे माझ्याशी बोलतच नाहीत, माझ्या दाढांशी बोलतात," असं तिने माहेरी सांगितलं होतं, आणि माहेरचे पोट धरून हसले होते. आता तिचीही नजर तशीच झाली होती. बिस्कीट कोण कसं खातं यावरून तिला माणसाचं निम्मं दुखणं कळे.

"वन्सं, अजून एक देऊ?"

"नको गं. पोट भरलं."

"एका बिस्किटाने?"

"वय झालं आता. चिमणीएवढं पुरतं."

दुकानाच्या मागच्या खोलीत सगळे जमले होते. खोली कसली, कारखानाच तो. भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे साचे. कुणाकुणाचे जबडे, आणि प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलेलं: शिंपी, पोस्टमन, पोस्टमनची आई. खिडकीशी पायाने चालवायचं घासयंत्र, आणि हवेत दातांचा मसाला कालवायच्या पाण्याचा तो गोडसर, नाकात बसणारा वास. पुढे, रस्त्याकडच्या खोलीत, बटणावर वरखाली होणारी नवी खुर्ची बसवून झाली होती. जुनी लाकडी खुर्ची कुणाला टाकवेना म्हणून मागे आणली होती. ताईचा धाकटा भाऊ आल्या आल्या तिच्यावरच जाऊन बसला होता, मागे मान टेकून, पाय पसरून.

"अरे, चहा तरी सरळ बसून पी," ताई म्हणाली.

"लहानपणी हिच्यावर बसलं की आबा कान पिळायचे. आज कोण पिळतंय बघू."

त्याच्या मागे भिंतीला टेकवून जुनी पाटी उभी होती. गुलाबी हिरड्या, पांढरेशुभ्र दात, आणि वर दोन लिप्यांत 'चिनी दातवाले'. त्यातली एक लिपी आता घरात कुणालाच वाचता येत नव्हती. ताईचे वडील, आबा, तरुणपणी समुद्र ओलांडून आले ते एक लाकडी पेटी आणि दोन चिमटे घेऊन. आधी रस्त्याच्या कडेला स्टूल टाकून बसले, मग हे दुकान घेतलं. पलीकडची भाषा त्यांच्याबरोबरच गेली. शिव्या तेवढ्या मागे राहिल्या, आणि त्याही धाकट्याच्याच वाट्याला आल्या.

आबांनंतर दुकान वहिनीच्या नवऱ्याने, दादांनी चालवलं. धाकट्याने चष्म्याचं दुकान काढलं. लोकांच्या तोंडाचा वास घेत जन्म काढायचा नाही, असं त्याने तेव्हाच सांगून टाकलं होतं. दादा मात्र त्या खुर्चीमागे उभे राहिले ते आजवर. मग कायदा आला. ज्याच्याकडे पदवी आणि नोंदणी असेल त्यानेच दुसऱ्याच्या तोंडाला हात लावायचा. बाकीच्यांनी फार तर मागे बसून कवळ्या बनवायच्या. दादांच्या बोटांना सगळं येत होतं, पण पदवी नव्हती. पदवी त्यांच्या लेकीकडे होती. आज दुपारी चार वाजता दुकान तिच्या नावाने उघडणार होतं. नव्या पाटीवर तिचं लांबलचक नाव होतं, पण घरात ते कुणी घेत नसे. ताईने ती जन्मली तेव्हाच तिला ठकी म्हटलं होतं, आणि ठकीच राहिली होती.

ठकी पुढच्या खोलीतून हात पुसत आली. पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले. तिने ताईच्या कपात डोकावून पाहिलं.

"आत्या, बिस्किटाचं सूप केलंस?"

"मला तसंच आवडतं."

"कधीपासून?"

"तू झालीस तेव्हापासून. तुझ्यासाठी करत होते, तेव्हा जीभ लागली."

धाकटा हसला. ठकी हसली नाही. ती ताईच्या पायाशी उकिडवी बसली.

"दुखतंय ना?"

"छे. तुझ्या गोळ्या फार गुणाच्या. सगळं उतरलं."

"गोळ्यांनी सूज उतरली, आत्या. दुखणं आहे तिथेच आहे. दातांच्या फोटोत दाखवलं ना मी तुला?"

"फोटोत मी कधीच बरी दिसत नाही."

"आत्या!"

"बरं बाई, ऐकते. बोल."

"ते समोरचे चार दात कापून काढावे लागतील. आज. चारच्या आत होऊन जाईल. माझ्या खुर्चीवर पहिलं माणूस तूच बस."

दादा खिडकीशी उभे होते. त्यांनी फळीवरचा एक साचा उचलला, त्याच्यावरची धूळ फुंकली आणि परत होता तिथेच ठेवला.

ते चार दात साधे नव्हते. ताई शाळकरी असताना पायऱ्यांवरून तोंडावर पडली आणि वरचे समोरचे दात हिरडीशी मोडले. पुढे तिच्या लग्नाच्या आधी त्यांच्या जागी हे बसवले. पक्के दात. ही या दुकानाची खासियत. कवळीसारखी काढघाल नाही, रात्री पेल्यात ठेवायची कटकट नाही. शेजारच्या दातांना तारेने बांधून, तोंडातच मसाला कालवून घट्ट केलेले. "माझा दात माणसाबरोबरच जाईल," असं आबा छातीवर हात ठेवून सांगायचे. आणि ताई माहेरी आली, की गिऱ्हाइकाला मागच्या खोलीच्या दाराशी नेऊन हाक मारायचे, "ताई, हस जरा." ताई हसायची. गिऱ्हाईक खुर्चीवर बसायचं. अर्ध्या गावाने ताईचं हसू बघून दात बसवून घेतले होते.

"आबांच्या हातचं काम आहे ते," धाकटा म्हणाला. खुर्चीतून तो आता सरळ झाला होता. "चाळीस वर्षं टिकलंय. तुमच्या कॉलेजात शिकवतात त्यातलं काय टिकतं एवढं?"

"काका, टिकलं हीच तर अडचण झालीय. खाली काय चाललंय ते कुणाला कळलंच नाही."

"खाली काय चाललंय?"

ठकीने एक क्षण दादांकडे पाहिलं. "पू झालाय," ती एवढंच म्हणाली.

ताईने कप खाली ठेवला. रुमालाने ओठ टिपले.

"मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "कापायचं तर कापा. पण दादा कापेल. दुसऱ्या कुणाला मी तोंड उघडून द्यायची नाही."

"आत्या, बाबांना आता—"

"ठाऊक आहे मला. मी बहिरी नाही झाले, दातच दुखतायत."

"म्हणजे दुखतायत," वहिनी म्हणाली.

"तू गप गं."

धाकट्याने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "यात एवढं काय? दार लावून घ्या. दादा, काढून टाक पटकन. घरातलीच बाई, घरातलंच तोंड. कोण बघतंय?"

"मी बघतेय," ठकी म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता.

"काका, आजपासून या जागेत जे होईल ते माझ्या नोंदणीवर होईल. आज आत्या, उद्या शेजारचा शिंपी, परवा शिंप्याचा साडू. सगळे घरचेच. बाबांनी एकदा चिमटा धरला, की मी कुणाला कशी नाही म्हणू? आणि कळलं तर दुकान माझंही जाईल, बाबांचंही."

"कळेल कशाला?"

"तुम्हीच सांगाल, काका. चष्मा लावता लावता."

हे खरं होतं. धाकट्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

वहिनी कप गोळा करत होती. या वादात आपण कुठल्या बाजूच्या हे तिला कालपर्यंत पक्कं ठाऊक होतं. गेली कित्येक वर्षं, दारात अनोळखी चकचकीत बूट दिसले की तिचे पाय आधी मागच्या खोलीकडे पळत. चिमटे तांदळाच्या डब्यात, सुया पिठात. तपासनीस आला आणि गेला, की तिला घाम सुटलेला असे, आणि रात्रीच्या भातात एखादा चिमटा सापडे. लेकीने पदवी घेतली त्या दिवशी ती देवासमोर नुसती बसून राहिली होती, काही न मागता. आता तांदळाच्या डब्यात नुसते तांदूळ असतील, एवढंच तिच्या मनात आलं होतं. ती लेकीच्याच बाजूची होती.

पण आता तिने दादांच्या पाठीकडे पाहिलं. आता समोर वाकून बघायला कुणी नव्हतं. खुर्चीवरच्या माणसावर वाकून वाकून पाठीला आलेला बाक मात्र तसाच होता. उभं असतानाही ते कुणाच्या तरी तोंडात डोकावत असल्यासारखेच दिसत.

"ठके," ती हळूच म्हणाली, "एवढं एकदाच करू दे त्यांना."

"तू सुद्धा?"

"वन्संना भीती वाटते. भावाचा हात असला तर धीर येईल. तू शेजारी उभी राहा, सांग त्यांना कसं ते."

"मला तोंडाने सांगायचं आणि बाबांनी हाताने करायचं?"

"घरात असंच तर चालतं सगळं," वहिनी म्हणाली. तिला विनोद करायचा नव्हता, पण धाकटा फिस्सकन हसला, आणि ठकीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. ती उठून पुढच्या खोलीत निघून गेली.

"झालं," ताई म्हणाली. "पहिल्याच दिवशी पोरीला रडवलं."

"तू रडवलंस," धाकटा म्हणाला.

"मीच. जा तू आता. बाहेर जाऊन पाटीचे खिळे नीट बसलेत का बघ. वहिनीलाही ने."

"दोन खिळ्यांना दोन माणसं?"

"एक खिळा तू बघ, एक ती बघेल. जा म्हणते ना."

दोघं गेले. खोलीत ताई आणि दादा उरले, आणि भिंतीभर ते सगळे जबडे.

ताईने रुमाल मांडीवर पसरला आणि त्याची घडी घालत बसली. मोडल्या दातांनी ती कितीतरी वर्षं तोंडावर हात ठेवून हसली होती. आबांना ती दात मागायची, आणि आबा म्हणायचे, "उद्या. आधी लोकांचं होऊ दे." तो उद्या लग्न ठरल्यावर उजाडला. पण तोवर आबांच्या हाताला कंप सुटला होता. गिऱ्हाइकांना ते कळू नये म्हणून ते हात खिशात घालून बोलायचे. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं, ताईला खुर्चीवर बसवलं, आणि चिमटा विशीही न गाठलेल्या दादाच्या हातात दिला.

तिला ते सगळं आठवत होतं. डोक्यावरचा पिवळा दिवा. दादाच्या कपाळावरून तिच्या गालावर पडलेला घामाचा थेंब. आणि खुर्चीमागून आबांचा आवाज: "मुळं काढू नकोस. मुळं म्हणजे पाया. पायावर घर उभं राहतं." दादाने मुळं ठेवली. वरून घासून सपाट केली आणि त्यांच्यावर दात बसवले, अगदी बेमालूम. आरसा समोर धरला तेव्हा ती हात न ठेवता हसली. दादा मात्र भिंतीला टेकून खाली बसला होता.

आबांनी सगळ्यांना सांगितलं, माझं काम. तिघांनीही पुढे तेच सांगितलं. दुसऱ्याच दिवसापासून मात्र खुर्चीमागे दादा उभा राहू लागला.

"तुला कळलंय ना, मी का अडून बसलेय?" ताईने विचारलं.

"कळलंय."

"तिने उघडलं की तिला मुळं दिसणार. कुजलेली. बापाचं पहिलं काम, आणि लेकीने पहिल्या दिवशी बघायचं ते हेच? आबांवर ढकलून मोकळं होता येईल, पण लेकीसमोर तुला खोटं कुठे बोलता येतं? तू लगेच बोलशील."

"बोलेन."

"म्हणून म्हणते, तूच काढ. मुळंही तूच काढ, कागदात गुंडाळ आणि टाकून दे. आबा तसेच राहतील आणि तूही तसाच राहशील. मला काय, मी मरेन तरी हूं की चूं करायची नाही."

दादा तिच्यासमोर येऊन बसले. लाकडी खुर्चीवर नाही. तिच्या बाजूच्या स्टुलावर, जिथे गिऱ्हाइकाबरोबर आलेला माणूस बसतो.

"ताई, किती दिवस दुखत होतं?"

"अधूनमधून."

"ताई."

"हे गेले तेव्हापासून. आधी चव जायची, मग वास यायला लागला. मी तोंडावर हात ठेवायला लागले परत." ती हसली, आणि हसताना तिचा हात खरंच वर गेला. "जुनी सवय, पटकन आली."

"आबांनी शिकवलं तसं केलं," दादा म्हणाले. "त्यांना त्यांच्या गुरूने शिकवलं होतं. मला वाटायचं, मूळ काढलं तर माणसाला त्रास, ठेवलं तर नाही. लोक पण खूश. दुखलं नाही, रक्त आलं नाही, दात बसला. कुणी परत आलं नाही म्हणजे चांगलंच झालं असणार, असं मी धरून चाललो. परत येत नव्हते, म्हणजे दुसरीकडे जात होते. हे मला ठकीने पहिल्या वर्षाचं पुस्तक घरी आणलं तेव्हा कळलं. मी ते चोरून वाचलं."

"चित्रं बघितली असशील."

"चित्रंच बघितली. चित्रांत सगळं होतं."

"मग सोडायचं होतंस."

"तेव्हापासून पक्के बसवले नाहीत कुणाला. कवळ्याच दिल्या. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचा हात उतरला. पण तुला बोलावून बघितलं नाही. तुझे तेवढे चांगले असतील असं रोज मनाशी म्हणायचो. सकाळी उठलो की पहिलं तेच. तोच नेम झाला होता."

ताईने हात पुढे करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"काढतोस ना मग तू?"

दादांनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. लांब, सपाट बोटं. अंगठ्याला चिमट्याचा घट्टा.

"नाही, ताई," ते म्हणाले. "मी नाही काढणार."

ते उठून पुढच्या खोलीत गेले. ठकी नव्या खुर्चीशेजारी उभी राहून ट्रेमधली हत्यारं एकेक सरळ लावत होती. ती आधीच सरळ होती.

"बाबा, मी कुणाला दुखवायला—"

"ऐक. आत्याच्या तोंडातलं काम आबांचं नाही. माझं आहे. मुळं मीच ठेवली. आबांनी सांगितलं म्हणून ठेवली, पण हात माझा होता. तुला उघडल्यावर कळण्याआधी मी सांगतोय."

ठकीने हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला.

"मला माहीत आहे, बाबा."

"आत्या बोलली?"

"नाही. आबांचे दात फळीवर किती बघितलेत मी. बाजूच्या दाताचा कोपरा ते टोकदार ठेवायचे. तुम्ही गोल करता. आत्याचा गोल आहे. गेल्या आठवड्यात तिने पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हाच दिसलं. मला वाटलं, तुम्हाला कळू नये की मला कळलंय. म्हणून मी मुळांचं नाव घेतलं नाही."

दादा हसायला लागले, अगदी आवाज न करता, खांदे हलवत.

"तीन माणसं," ते म्हणाले, "आणि तिघंही एकमेकांपासून एकच गोष्ट झाकतायत. धाकट्याला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. केव्हाच मोकळे झालो असतो."

मग ते दाराशी गेले आणि हाक मारली, "ताई, ये. डॉक्टर बोलावतायत."

ताई आली. दारात उभी राहून तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. या घरातल्या बाईला तोंडं वाचता येतात. मग ती नव्या खुर्चीवर चढून बसली आणि खुर्ची मागे झुकली तशी "अगं बाई!" म्हणून किंचाळली.

"ही बसवते की निजवते?"

"निजवते. रक्तदाबाची गोळी घेतलीस सकाळी?"

"घेतली."

"खरंच?"

"भावाची शपथ. तो इथेच उभा आहे."

दादा डोक्याशी उभे होते. त्यांनी हात मागे बांधले होते, डाव्या हाताने उजवं मनगट धरून. बधिर करायची सुई आत गेली तेव्हा ताईचे डोळे मिटले, आणि दादांचेही मिटले. मग यंत्र सुरू झालं. पायाच्या यंत्रासारखी घरघर नव्हती ती. बारीक, उंच, शीळ घातल्यासारखा आवाज होता. ठकीने आधी दोन्ही बाजूंच्या तारा तोडल्या. मग गुलाबी मसाल्यात मधोमध एक चीर पाडली. एकदा तिचं मनगट अवघडलं, आणि दादांच्या तोंडून निघून गेलं, "डावीकडून ये."

ठकीने यंत्र थांबवलं.

"डावीकडे जुनी भेग आहे, बाबा. तिकडून जोर दिला तर सुळा जाईल."

"दिसली नाही मला."

"इथून दिसते."

"हो. तू जिथे आहेस तिथून," दादा म्हणाले, आणि एक पाऊल मागे सरकले.

दात दोन तुकड्यांत निघाले. खाली जे होतं ते ठकीने पाहिलं, दादांनीही मान वाकडी करून पाहिलं. वास आला. ठकी काम करत राहिली. मुळं मऊ झाली होती, फार जोर लागला नाही. शेवटचं निघालं तेव्हा ताईच्या छातीतून एक लांब श्वास बाहेर पडला, आणि दादांनी मागे बांधलेले हात सोडले.

धाकटा आणि वहिनी आत आले तेव्हा ताई तोंडात कापूस धरून खिडकीजवळच्या बाकावर बसली होती.

"झालं?" धाकट्याने विचारलं. "कुणी काढलं?"

"डॉक्टरांनी," दादा म्हणाले.

धाकट्याने ठकीकडे पाहिलं, मग दादांकडे, आणि ताईशेजारी जाऊन बसला. वहिनीने थंड पाण्याची पट्टी आणली.

थोड्या वेळाने ठकीने कापूस काढून बघितला. रक्त थांबलं होतं. ताईने तोंड मिटलं. आधाराला दात नसल्यामुळे तिचा वरचा ओठ आत गेला. गाल जरा खाली आले, हनुवटी किंचित पुढे झाली. ती खिडकीतून रस्त्याकडे बघत होती, गिऱ्हाईक कधी येतंय याची वाट बघावी तशी.

दादा फडक्याने ट्रे पुसत होते. त्यांचा हात थांबला.

"ठके," ते अगदी हळू म्हणाले. "हात धुतलेस? इकडे ये. इथे, माझ्या शेजारी उभी राहा. आता बघ तिकडे."

"काय, बाबा?"

"तुझी आजी."

धाकट्याने वळून ताईकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला. "आई गं," तो म्हणाला. "आईच आहे की रे, दादा."

ठकीने आजीला कधी पाहिलं नव्हतं. वहिनीनेही नाही. घरात तिचा एकही फोटो नव्हता. फोटो काढायचा म्हटलं की ती तोंड फिरवायची, कारण तिला दात नव्हते. दातवाल्याची बायको, आणि दात नव्हते. दिव्याखाली अंधार. आबा तिलाही उद्या म्हणायचे. लोकांचे साचे पुरे होईनात, आणि तिचा उद्या उजाडायच्या आत ती गेली. तिन्ही मुलांना तिचा चेहरा आठवत होता, पण डोळे मिटून आठवू गेलं की पुसट व्हायचा. आता तो दुपारच्या उजेडात खिडकीशी बसला होता.

"काय टक लावून बघताय सगळे?" ताईने विचारलं. वरचा ओठ बधिर होता, शब्द त्यातून फुसफुसत बाहेर आले, आणि त्याने तर कहरच झाला. धाकट्याने मान खाली घातली. "आई अशीच बोलायची," तो वहिनीला म्हणाला. "अगदी अशीच. भात वाढू का म्हणायची ना, तर वाऱ्यासारखं ऐकू यायचं."

वहिनीने भिंतीवरचा लहान आरसा काढून ताईसमोर धरला. ताईने त्यात पाहिलं. हात तोंडाकडे निघाला आणि अर्ध्यात थांबला. मग खाली आला. ती बराच वेळ आरशात बघत राहिली. मग आरशातल्या बाईकडे बघून हसली, उघड्या तोंडाने.

"फार लवकर गेलीस गं," ती त्या बाईला म्हणाली.

बाहेर कुणीतरी शटरवर टकटक केलं. अजून चार वाजले नव्हते. कुणी उठलं नाही.

"नवे दात कधी मिळतील मला?" ताईने विचारलं.

"हिरड्या भरून यायला हव्यात, आत्या," ठकी म्हणाली. "मग मी माप घेईन, बाबा बनवतील. महिना, दीड महिना लागेल. तात्पुरते हवे असतील तर आठवड्याभरात—"

"नको," दादा मध्येच म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते ट्रे बाजूला ठेवून ताईसमोर जमिनीवर बसले होते, मान वर करून.

"घाई कशाला?" ते म्हणाले. "तोवर आई राहू दे घरात."